अनुभव धागा: ज्येष्ठांसोबत शास्त्रीय नृत्य, बसल्या जागेवरून

नृत्य शिकणारी मुलं-मुली वृद्धनिवासात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात जातात, दोन-तीन रचना सादर करतात, टाळ्या मिळतात, फोटो निघतात आणि सगळे घरी जातात. हा धागा त्याच्या पुढच्या कामासाठी आहे. समोर बसलेल्यांना नुसते प्रेक्षक न ठेवता नृत्यात कसं आणायचं, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहावं. कोणाचं नाव, संस्थेचं नाव नको. काय करता, किती वेळ, कुठे बिघडतं आणि का, एवढं पुरे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट असावी. खुर्चीत बसून केलेलं नृत्य म्हणजे दिलेली सूट नव्हे. कथकात बैठकीत बसून भाव सांगण्याची परंपरा मानाची आहे. लखनौ घराण्याचे शंभू महाराज त्यासाठीच ओळखले जात. अभिनयदर्पण या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात ९ शिरोभेद (डोक्याच्या हालचाली), ८ दृष्टिभेद (नजरेच्या), ४ ग्रीवाभेद (मानेच्या) आणि २८ असंयुत हस्त (एका हाताच्या मुद्रा) सांगितले आहेत. पाय बाजूला ठेवले तरी एवढं सगळं हातात उरतं.

भरतनाट्यम, वर्ग घेणारी

हस्तांपासून सुरुवात करा, पण २८ हस्त ओळीने म्हणत बसू नका. पहिल्या दिवशी सहा पुरे: पताक (सरळ तळहात), मुष्टि (मूठ), मुकुल, पद्मकोश, अलपद्म, हंसास्य (तर्जनी-अंगठा जुळवून चोच). क्रम मुद्दाम असा ठेवायचा की एकातून दुसरा हस्त निघेल.

सगळ्यात उपयोगी पडतं ते कमळ उमलणं. मुकुलात पाचही बोटांची टोकं एकत्र. तिथून बोटं सुटतात आणि हातात चेंडू धरल्यासारखा पद्मकोश होतो. मग करंगळीपासून एकेक बोट मागे नेत अलपद्म. प्रत्येक टप्प्याला ४ मात्रा, साधारण सेकंदाला एक. उमलायला १२, मिटायला १२. मिटताना बोटं पटकन गोळा होतात, उमलताना मात्र वेळ लागतो, म्हणून गाणाऱ्याने उमलण्याच्या बाजूला लय किंचित सैल सोडली तरी चालेल. कमळ शब्दात सांगायच्या आधी हातात दाखवा. आज्यांची बोटं आपोआप मागे येतात.

त्रिपताकात अनामिका एकटी वाकवायची असते. ती कोणालाच सहज वाकत नाही, कारण शेजारच्या बोटांशी तिचे स्नायुबंध जोडलेले असतात. संधिवात असलेल्या हाताला तर ती मधल्या बोटाला ओढून घेते. तिथे 'चुकलं' म्हणू नये. दुसऱ्या हाताच्या तर्जनीने अनामिकेला आधार द्यायला सांगा. तो आधारच हालचालीचा भाग वाटतो. शिखरात अंगठा ताठ उभा राहतो आणि अंगठ्याच्या मुळाशी झीज असेल तर तिथेच दुखतं. अशांनी शिखराऐवजी मुष्टि करावी. मोराला मयूर हस्त जमला नाही तर पताकाने मान दाखवा, मोर ओळखू येतोच.

विद्यार्थ्यांना एक नियम पाठ असावा: समोरच्याचं बोट धरून हस्त 'बसवून' द्यायचा नाही. आपला हात शेजारी धरायचा. त्यांनी बघून करायचं.

आणि कोपर. नाट्यारंभात, म्हणजे नृत्य सुरू करण्याच्या स्थितीत, दोन्ही हात खांद्याच्या उंचीला बाजूला असतात. विशीतल्या मुलीलाही ते मिनिटभरात जड होतं. इथे कोपर खुर्चीच्या हातावर किंवा मांडीवर ठेवलेल्या उशीवर टेकवायचे आणि मनगटापासून पुढचंच नृत्य करायचं. खांदे मोकळे राहिले की चेहरा मोकळा राहतो.

कथक, पढंत आणि तत्कार

पढंत म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, तत्कार म्हणजे तेच बोल पायांनी वाजवणं. तत्काराचा घोळ नेहमी एकाच ठिकाणी होतो. 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' यात पहिल्या चार मात्रा उजवा-डावा-उजवा-डावा, आणि पुढच्या चार डावा-उजवा-डावा-उजवा. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या मात्रेला लागोपाठ डावाच पाय येतो. खुर्चीत बसलेल्या माणसाचा पाय तिथे आपोआप उजवा पडतो आणि सगळा गट दोन तुकड्यांत फुटतो. उपाय साधा आहे. शिकवणाऱ्याने 'आ' मोठ्याने म्हणायचा आणि त्याच वेळी डाव्या मांडीवर तळहात ठेवायचा. चार-पाच आवर्तनांत जमतं. पाय उचलता येत नसेल तर टाच जमिनीवर ठेवून फक्त पुढचा भाग आपटायचा. तेही नको असेल तर मांडीवर तळहात. व्हीलचेअरच्या पायटेकणीवर मात्र ताल देऊ नये, ती सैल होते.

तीनतालाच्या १६ मात्रा हाताने दाखवायला सगळ्यांना येतात: १, ५ आणि १३ वर टाळी, ९ वर काल, म्हणजे हात बाजूला. या कालेवरून एक तिहाई (तोच तुकडा तीनदा म्हणून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येणं) शिकवता येते आणि तिला कोणतंही गणित लागत नाही. काल आली की 'ता ता थेई' तीनदा सलग म्हणायचं. ९-१०-११, १२-१३-१४, १५-१६ आणि शेवटचा 'थेई' बरोबर समेवर. खंड नसल्यामुळे लोक धावतात, हे गृहीत धरा. धावणं थांबवायचं असेल तर मधे एकेका मात्रेची विश्रांती घाला आणि सातव्या मात्रेपासून सुरू करा: ७-८-९, एक रिकामी, ११-१२-१३, एक रिकामी, १५-१६-सम. रिकाम्या मात्रेवर ओठ मिटायचे. सम सापडल्यावर सगळ्यांचे हात एकदम पुढे येतात, ते क्षणभर तसेच राहू द्या. लगेच पुढचं सुरू केलं तर सम वाया जाते.

लय मिनिटाला ६० मात्रांच्या आसपास. दुगुन (दुप्पट लय) तोंडाने करायची, पायांनी नाही.

चक्कर, म्हणजे गिरक्या, विद्यार्थ्यांनी दाखवावेत. ज्येष्ठांकडून, 'फक्त एक' म्हणूनही, करून घेऊ नयेत.

फिजिओथेरपी

वरच्या दोन्ही प्रतिसादांत भर घालते. पहिल्या भेटीआधी प्रत्येकाबद्दल पाच गोष्टी विचारून कागदावर घ्या: गेल्या सहा महिन्यांत पडले आहेत का, सांधा बदलला आहे का आणि केव्हा, उभं राहताना डोळ्यांसमोर अंधारी येते का, चक्कर येण्याचा त्रास आहे का, डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे का. उत्तरं विद्यार्थ्यांना सांगायची नाहीत, शिक्षकाकडे राहतात. विद्यार्थ्यांना फक्त 'या काकांना पुढे वाकायला सांगू नको' एवढं कळलं तरी पुरतं.

खुर्ची घट्ट बैठकीची, चाकं नसलेली, आणि बसल्यावर पावलं पूर्ण टेकतील अशी. साधारण १७-१८ इंच उंची. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची फरशीवर मागे सरकते. ती भिंतीला टेकवून ठेवा.

खुब्याचा सांधा बदललेल्यांना, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं आणि कमरेत ९० अंशांपेक्षा जास्त वाकणं वर्ज्य सांगितलेलं असतं. त्यामुळे नमस्कारात भूमीला स्पर्श करण्याऐवजी हात गुडघ्यापर्यंत नेऊन डोळ्यांना लावावेत. हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकून कंबर पिळणं आणि पाय जोरात आपटणं टाळा. ग्रीवाभेदातला सुंदरी, म्हणजे मान आडवी सरकवणं, हा दिसायला छोटा आहे पण मानेच्या मणक्यांची झीज असणाऱ्यांसाठी नाही. त्याऐवजी फक्त दृष्टी डावी-उजवीकडे न्यावी. गंमत म्हणजे बघणाऱ्याला परिणाम जवळजवळ तोच दिसतो.

मोतिबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत वाकण्याचे प्रकार पूर्ण बंद.

करताना बोलता आलं पाहिजे. बोलता बोलता दम लागत असेल तर लय उतरवा. म्हणून बोल म्हणत म्हणत हालचाल करणं चांगलं: श्वास कोंडून धरला जात नाही. छातीत दुखणं, घाम फुटणं, एका बाजूला अचानक अशक्तपणा किंवा बोलणं अडखळणं, यातलं काही दिसलं तर नृत्य तिथेच थांबवून लगेच वैद्यकीय मदत बोलवायची. विद्यार्थ्याने 'आजी, पाणी घ्या' म्हणून वाट बघू नये.

शेवटी उभं राहायचं असेल तर आधी खुर्चीच्या कडेला सरकून दहा आकडे मोजायचे, मग उठायचं. उठवताना हात ओढायचा नाही. आपला हात पुढे धरायचा, त्यांनी तो पकडायचा.

घुंगरांबद्दल, थोडक्यात

वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी उंच स्वर जातात. बोलण्यातली क, त, स, श ही व्यंजनं त्याच पट्ट्यात असतात, म्हणून 'आवाज येतो पण शब्द कळत नाहीत' अशी तक्रार असते. श्रवणयंत्रातून मात्र घुंगरू आणि झांज कानाला टोचतात. दोन पायांना शंभर-शंभर घुंगरू बांधलेली सहा मुलं लहान खोलीत तत्कार करू लागली की पुढच्या रांगेतले लोक यंत्र बंद करतात, आणि त्यानंतरचं निवेदनही त्यांना ऐकू येत नाही. खोली लहान असेल तर घुंगरू एकीनेच बांधावेत. बाकीच्यांचे पाय मोकळे.

स्पीकर श्रोत्यांच्या समोर, कधीही मागे नको. निवेदन करणाऱ्याचा चेहरा उजेडात. माईक तोंडासमोर धरून ओठ झाकू नयेत. आणि खिडकीकडे पाठ करून नाचू नका. मागून येणाऱ्या उजेडात हात आणि चेहरा काळे दिसतात. अळता लावलेले हात लांबून वाचता येतात. वेशभूषा पूर्ण नसली तरी अळता लावाच.

स्मृतिभ्रंश असलेल्या गटासोबत

गट सहा ते आठ जणांचा. त्यापेक्षा मोठा नको. दर आठवड्याला तोच दिवस, तीच वेळ, सुरुवातीला तोच श्लोक आणि तोच नमस्कार. नवीन गोष्ट एका भेटीत एकच.

समोर उभं राहून शिकवताना आरशासारखं करा: त्यांचा उजवा हात हवा असेल तर तुम्ही डावा उचला. 'उजवा, उजवा' असं ओरडून काही होत नाही. सूचनाही एका वेळी एक. 'हात वर घ्या, कमळ करा आणि डावीकडे बघा' या वाक्यातलं पहिलंच पोहोचतं.

'मागच्या वेळी काय शिकलो, आठवतंय का?' हा प्रश्न विचारू नये. मुलं तो प्रेमाने विचारतात, पण समोरच्याला ती परीक्षा वाटते आणि चेहरा बंद होतो. त्याऐवजी सरळ बोल म्हणायला लागा. हातांना जे आठवतं ते अनेकदा विचारून सांगता येत नाही.

रौद्र आणि भयानक रस जवळून दाखवू नका. काजळाने मोठे केलेले डोळे वटारून नरसिंह हाताच्या अंतरावर आला, तर तो अभिनय आहे हे सगळ्यांना कळेलच असं नाही. नवरस करायचेच असतील तर अद्भुत, हास्य, शांत आणि वात्सल्याच्या अंगाने जाणारं काही निवडा. वेळ दुपारी चारच्या सुमाराची बरी; संध्याकाळ उतरू लागली की काहींची अस्वस्थता वाढते.

एक विनंती. नृत्याने स्मृतिभ्रंश टळतो असं कोणालाही सांगू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात नियमित नृत्य करणाऱ्यांमध्ये धोका कमी आढळला होता, पण तो संबंध होता, सिद्ध झालेलं कारण नव्हे, आणि ते नृत्यही सामाजिक प्रकारचं होतं. घरच्यांना खोटी आशा लावणं हे फार वाईट.

अभिनय शिकवणारी

इथे सगळे 'आपण त्यांना काय द्यायचं' याबद्दल लिहीत आहेत. मुलांना त्यांच्याकडून काय मिळतं, ते माझ्या मते जास्त मोठं आहे.

दळणाचा अभिनय घ्या. वर्गातल्या मुली जातं दाखवताना दोन्ही हातांच्या मुठी करून हवेत गोल फिरवतात. जातं कधी ओढलेलं नसतं, म्हणून हात कुठे जड होतो हे त्यांना ठाऊक नसतं. जात्यावर दळलेल्या आज्यांसमोर हे केलं की त्या लगेच हात पुढे करतात. खुंटा एका हातात धरतात. दुसऱ्या हाताने मूठभर वैरण (दळायचं धान्य) जात्याच्या तोंडात सोडायची, आणि ती सोडताना फेरा थांबत नाही. खुंटा लांब जातो तेव्हा कंबर पुढे जाते, जवळ येतो तेव्हा खांदा मागे येतो. वर्तुळ सगळीकडे सारखं नसतं: ओढताना जोर, ढकलताना थोडी उसंत. आणि ओवीची ओळ त्या फेऱ्यावर बसलेली असते, म्हणून श्वास कुठे घ्यायचा हेही जातंच ठरवतं.

हे सगळं लोकधर्मी आहे, म्हणजे रोजच्या जगण्यातलं जसंच्या तसं. मुलींनी आधी ते जसंच्या तसं उचलावं, दहा-बारा फेरे, बसून. मग त्याचं नाट्यधर्मी, म्हणजे नृत्याच्या संकेतांत बसवलेलं, रूप करावं: खुंट्याला मुष्टि, वैरण सोडताना मुकुल उघडत जाईल असा हात, दृष्टी आधी वैरणीवर, मग पिठावर. 'यतो हस्तस्ततो दृष्टिः' (जिथे हात, तिथे नजर) हे सूत्र पाठ असणं वेगळं आणि पीठ बाहेर सांडतंय का हे बघणारी नजर वेगळी. ती नजर ज्यांनी दळलं आहे त्यांच्याकडेच मिळते.

अशा भेटीसाठी विद्यार्थ्यांनी प्रश्न हालचालींचे न्यावेत, आठवणींचे नाही. 'तुमच्या लहानपणाबद्दल सांगा' म्हटलं की गप्पा कुठेही जातात. 'ताक घुसळताना दोरी कोणत्या हातात आधी?', 'नऊवारीचा काष्टा खोचताना बोटं कुठे जातात?', 'पाळणा पायाने हलवत हातांनी काय करायचात?' असं विचारलं की हात बोलू लागतात. आजोबांना मोट, नांगर, फेटा बांधणं विचारा. फेटा बांधताना एक टोक दातात धरलेलं असतं, हे एकाही मुलाच्या अभिनयात नसतं.

एका भेटीत एकच काम. २० मिनिटं बघणं आणि विचारणं, १५ मिनिटं त्यांच्यासमोर करून दाखवणं. चूक त्यांनी दुरुस्त करायची, शिक्षकाने मधे पडायचं नाही.

ओडिसी

चौक (चौकोनी, समतोल ठाण) आणि त्रिभंग (शरीर तीन ठिकाणी वळलेलं ठाण) दोन्ही बसून होतात, कारण खरी हालचाल धडाची आहे. कंबर स्थिर, वरचं धड डावीकडून उजवीकडे संथ सरकतं. ४ मात्रांत एका बाजूला, ४ मात्रांत मध्ये. बसून तोल सांभाळण्याचा हा चांगला सराव आहे. एक पथ्य: ढुंगण खुर्चीवरून उचलायचं नाही आणि बाजूला सरकायचं अंतर चार बोटं. त्याहून जास्त गेलं तर माणूस तोल सावरायला खुर्चीची कड पकडतो आणि हात नृत्यातून सुटतात.

कार्यक्रम काय निवडावा

पूर्ण वर्णम (भरतनाट्यममधली सर्वांत मोठी रचना) नको. अर्धा-पाऊण तास एकाच रचनेला कोणी बसू शकत नाही, आणि कोणाला लघवीला जायचं असेल तर ते संकोचाने उठत नाहीत. पाच-सात मिनिटांच्या चार रचना, मध्ये सहभाग, एकूण ४० मिनिटं. तिश्र अलारिप्पू (तीन-तीन मात्रांतली सुरुवातीची रचना) चांगला: तीन-चार मिनिटांत मान, डोळे, खांदे, हात असा क्रमाने उलगडतो, आणि 'तकिट' म्हणत सगळे हातांनी धरू शकतात. जाती, म्हणजे मात्रांचे गट, एकदा तोंडी घोळवून घ्या: तकिट ३, तकधिमि ४, तकतकिट ५, तकिटतकधिमि ७.

रचनेच्या आधी त्यातले चारच हस्त दाखवा. नंतर ते येताना दिसले की समोरून 'हं, आला' असं ऐकू येतं. तेवढं निवेदन बास.

अभंगावर काही असेल तर विठ्ठलाची मुद्रा प्रत्येकाला बसल्या जागी करता येते: दोन्ही हात कमरेवर, पाठ ताठ. रचनेच्या शेवटी विद्यार्थी थांबले की सगळी खोली तशीच थांबते, एवढी आठ मात्रांची जागा संगीतात मोकळी ठेवा. भरतनाट्यम 'आपलं नाही' असं कोणी म्हणालं तर तंजावरचं सांगावं. दुसऱ्या सरफोजी राजांच्या (१७९८ ते १८३२) दरबाराशी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ जोडलेले होते. आजच्या भरतनाट्यम कार्यक्रमाचा क्रम त्यांनी घडवला. आणि खुद्द सरफोजींच्या नावावर नृत्यासाठीची मराठी निरूपणं (कथा सांगणाऱ्या गेय रचना) आहेत.

हॉल आणि मुलं सांभाळणारी

खुर्च्या अर्धवर्तुळात, दोनच रांगा. दोन खुर्च्यांमध्ये दोन्ही हात पसरतील एवढं अंतर. पहिली रांग आणि नाचणारे यांच्यात किमान सहा-सात फूट, कारण चक्कर घेताना ओढणी आणि वेणी जितकी लांब, तितका घेर वाढतो. व्हीलचेअर दोन टोकांना, ब्रेक लावून, दार मोकळं ठेवून. सतरंजीची कड दुमडलेली असेल तर सतरंजीच काढा.

सर्दी-खोकला असलेल्या मुलाने येऊ नये, त्याचा मुख्य भाग असला तरी. मुलांनी पोटभर खाऊन यावं. पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस. फोटोची परवानगी प्रत्येकाकडून वेगळी घ्यायची, संस्थेने 'हो' म्हटलं म्हणून सगळ्यांचं 'हो' होत नाही.

घुंगरू निघतात. दोरीत एकेक गाठ मारून ओवलेले सहसा टिकतात. पट्ट्यावर शिवलेल्यांचा दोरा झिजतो आणि एखादा निसटतो. गुळगुळीत फरशीवरचा सुटा घुंगरू चप्पल घातलेल्या ज्येष्ठ माणसाच्या पायाखाली गोटीसारखा फिरतो. म्हणून पट्ट्यावरचे घुंगरू आधी आणि नंतर मोजायचे, ओळीनुसार, ज्याचे त्याने. एक जरी कमी भरला तरी कोणालाही उठू द्यायचं नाही. पाणी फिरवायचं, एकीने बसल्या बसल्या म्हणता येईल असं काही गाऊन घ्यायचं, आणि बाकीच्यांनी गुडघ्यांवर बसून खुर्च्यांखाली हात फिरवायचा. सापडला की मगच दार उघडायचं.